स्वातंत्र्य, श्रम, विद्या : वचनसंग्रहांतील मथळ्यांची पार्श्वभूमी

स्वातंत्र्य, श्रम, विद्या आणि जीवनाचे प्रयोजन अशा मथळ्यांखाली थोरांची वचने मांडण्याची पद्धत आज इतकी रूढ आहे की, ती मुळात त्याच विषयांवर उच्चारली गेली होती, असे वाचक सहज धरून चालतो. प्रत्यक्षात मथळे संग्राहकांचे असतात आणि पुष्कळदा शब्दही त्यांचेच असतात.

संस्कृत सुभाषितकोश आणि ग्रीक-लॅटिन सूत्रे परिचयाची असल्याने त्यांचा विस्तार येथे करत नाही. जीवनाच्या प्रयोजनाविषयी ज्या अथेन्सवासीयाचे, म्हणजे सॉक्रेटिसाचे, वाक्य सर्वाधिक उद्धृत होते, त्याने स्वतः काहीच लिहून ठेवले नाही आणि इ. स. पू. ३९९ मधील खटल्यातले त्याचे भाषण शिष्याच्या लेखणीतूनच आपल्यापर्यंत आले, एवढे नोंदवले म्हणजे पुरे. छपाई आल्यावर संग्रहांचे स्वरूप पालटले. एका डच पंडिताने १५०० साली पॅरिसमध्ये सुमारे आठशे प्राचीन वचने टिपणांसह छापली आणि १५३६ पर्यंत वाढवत ती चार हजारांच्या पुढे नेली. वाचताना भेटलेली वचने विषयवार वहीत उतरवून घेण्याची सवय त्या शतकातील शाळांनी विद्यार्थ्यांना लावली.

या सवयीचे खरे पीक अठराव्या शतकात आले. फिलाडेल्फियातील बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकाने १७३२ च्या अखेरीपासून दरवर्षी एक पंचांग काढले. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार वर्षाला जवळजवळ दहा हजार प्रती खपत, आणि दिनविशेषांमधल्या रिकाम्या जागा तो उद्योग व काटकसर यांवरील म्हणींनी भरत असे. म्हणी बहुतांशी जुन्या संग्रहांतल्या होत्या. त्याने त्या घासूनपुसून आटोपशीर केल्या. १७५८ च्या पंचांगासाठी त्याने त्यांतील निवडक म्हणी एका काल्पनिक वृद्धाच्या भाषणात गुंफल्या. जमलेल्या लोकांनी ते भाषण ऐकले, त्यातला उपदेश मान्य केला आणि लगेच त्याच्या उलट वर्तन केले, असा शेवट त्याने केला, आणि या शहाणपणाचा दहावा हिस्साही आपला नाही, हेही सांगून टाकले. नंतरच्या संग्राहकांनी म्हणी उचलल्या, हा कबुलीजबाब आणि त्यातली थट्टा मात्र मागे ठेवली. श्रमाचा महिमा गाणारा करड्या शिस्तीचा उपदेशक अशी त्याची जी प्रतिमा उरली, तिचे मूळ या निवडीत आहे.

मात्र सर्वांत वादग्रस्त निवड त्याच्या दुसऱ्या एका वाक्याची ठरली. थोड्याशा तात्पुरत्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक स्वातंत्र्य देऊन टाकणारे ना स्वातंत्र्याला पात्र ठरतात ना सुरक्षिततेला, अशा आशयाचे ते वाक्य नोव्हेंबर १७५५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने गव्हर्नरला पाठवलेल्या उत्तरात आहे. सीमेवर हल्ले चालू होते आणि संरक्षणासाठी पैसा हवा होता. वसाहतीची मालकी असलेल्या, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुटुंबाच्या जमिनींवरही कर बसावा, असे विधिमंडळाचे म्हणणे होते आणि गव्हर्नर तसे विधेयक संमत करत नव्हता. म्हणजे ज्या स्वातंत्र्याचा येथे कैवार घेतला आहे, ते निवडून आलेल्या सभागृहाचा कर बसवण्याचा अधिकार होय. आज हे वाक्य बहुधा सरकारी पाळतीविरुद्ध, व्यक्तीच्या खासगीपणाच्या बाजूने वापरले जाते. काही अभ्यासकांना हा सरळ विपर्यास वाटतो. दुसरा पक्ष असे दाखवतो की, १७५९ मध्ये त्याच वसाहतीच्या इतिहासावरील एका ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर हे वाक्य बोधवाक्य म्हणून छापले गेले होते. म्हणजे व्यापक अर्थाची वाट त्या काळीच मोकळी झाली होती. हा दुसरा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही ‘अत्यावश्यक’, ‘थोड्याशा’ आणि ‘तात्पुरत्या’ ही विशेषणे गाळून वाक्य छापण्याला त्याने समर्थन मिळत नाही, कारण युक्तिवादाचा सगळा तोल त्या विशेषणांवर आहे.

१८५५ मध्ये अमेरिकेतील एका पुस्तकविक्रेत्याने गिऱ्हाइकांच्या ‘हे कोणी म्हटले?’ या नित्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जो संग्रह छापला, त्यात विषयवार मांडणी सोडून लेखकवार मांडणी स्वीकारली होती. मूळ ठिकाणाचा निर्देश करण्याची शिस्त अशा संग्रहांमुळे रुजली, पण चुकीचे श्रेय त्यामुळे थांबले नाही. तुमचे मत मला अमान्य असले तरी ते मांडण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणाने राखीन, हे अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत व्होल्तेर याचे म्हणून गाजलेले वाक्य १९०६ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंग्रज चरित्रकर्तीचे आहे. त्याच्या वृत्तीचा सारांश तिने अवतरणचिन्हांत दिला आणि वाचकांनी तो त्याचाच उद्गार मानला. वाक्य आपले आहे, असे तिने पुढे स्पष्ट केले. त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

जुनी वृत्तपत्रे आणि ग्रंथ संगणकावर शोधता येऊ लागल्यापासून अशी श्रेये तपासणे सोपे झाले आहे, आणि त्याच साधनांनी निराधार श्रेयांचा प्रसारही वाढवला आहे. सांगितलेले विसरतो, शिकवलेले लक्षात राहते, सहभागी झाल्यावरच शिकतो, हे ‘विद्या’ या मथळ्याखालचे लाडके वचन आता फिलाडेल्फियाच्या त्याच मुद्रकाच्या नावावर फिरते. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. ऐकण्यापेक्षा पाहणे, पाहण्यापेक्षा जाणणे आणि जाणण्यापेक्षा आचरणे श्रेष्ठ, असा या वचनाशी जुळणारा विचार इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एका चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात आहे.