पार्श्वभूमी : फोनमधली शाळा आणि घरची अहिराणी

कोरोनामुळे शाळा बंद असताना, जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं महाराष्ट्राच्या खेड्यातलं पोर सरकारी आदेशाने वर्गात बसू शकलं ते १ डिसेंबर २०२१ला, दुसरीचं निम्मं वर्ष सरल्यावर. जानेवारीत शाळा पुन्हा काही दिवस बंद. बाराखडी हाताला आणि जिभेला लागण्याचं नेमकं वय असं फोनसमोर गेलं. ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्यांचं तेवढंही नाही.

पडद्यावरून शिकवणं तेव्हा नवं नव्हतं. शाळेसाठी दूरदर्शनचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी १९८४ची, शिक्षणासाठी सोडलेला एज्युसॅट उपग्रह २००४चा, धड्यांचे व्हिडिओ देणारं केंद्राचं ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ २०१७चं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा तर लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या होत्या. पण तोवर पडदा गुरुजींच्या जोडीला होता. २०२०च्या मार्चनंतर तो त्यांच्या जागी आला. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यास येऊ लागला, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही धड्यांची मालिका सुरू झाली. त्याच महिन्यात केंद्राने पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन तासिका, अशी मर्यादा सुचवली.

देशाच्या ग्रामीण भागात २०१८ साली ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० मध्ये ६१.८ टक्के. मात्र घरातला फोन पोराच्या हातात असतोच असं नाही. रावेर-यावलकडे बाप केळीच्या बागेत, चोपडा-शिरपूरकडे कपाशीत; फोन त्याच्या खिशात. पोराला तो मिळायचा दिवेलागणीनंतर. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात तर रेंजसाठी टेकडी चढावी लागे. या जिल्ह्याची साक्षरता २०११च्या जनगणनेत ६४.३८ टक्के, राज्यात सर्वांत कमी. फोन मिळाला तरी अडलेलं समजावून सांगणारं घरी कोण होतं?

मला यापेक्षाही मोठी वाटते ती भाषेची गोष्ट, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं. खान्देशातलं पोर शाळेत येतं ते अहिराणी घेऊन, सातपुड्यात भिली किंवा पावरी घेऊन. पुस्तक प्रमाण मराठीत. ही दरी वर्गात रोज बुजते ती शिक्षकाच्या तोंडून. धडा वाचता वाचता पोराचा चेहरा पडलेला दिसला की बाई थांबतात, ‘तुले समजनं का?’ विचारतात, तोच अर्थ घरच्या बोलीत सांगतात. सहा वर्षांच्या मुलाला त्या एका वाक्याने धीर येतो. आपली भाषा इथे चालते, हे कळतं. व्हिडिओ मुलाचा चेहरा पाहत नाही. जिथे शिक्षक पाड्यावर जाऊन झाडाखाली, कुणाच्या ओट्यावर मुलं जमवत राहिले, तिथे तो धागा तुटला नाही. त्यांचं मोल फार मोठं आहे.

मुलं माणसाकडून वेगळं शिकतात, हे प्रयोगांतूनही दिसलं आहे. २००३ साली संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून बाळं तिचे ध्वनी ओळखायला शिकली; तोच मजकूर पडद्यावरून ऐकलेली शिकली नाहीत. पहिलीतलं पोर बाळ नव्हे, पण नजरेला नजर, चुकल्यावर पाठीवर हात, शेजारच्याशी भांडून पुन्हा गट्टी, याची भूक त्यालाही असते. दीड वर्ष हे सगळं बंद होतं. शाळा उघडल्यावर काही पोरं वर्गात तोंडच उघडेनात, ती मठ्ठ नव्हती.

परिणाम आकड्यांत दिसला. ‘असर’नुसार दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५. शाळा नियमित झाल्यावर २०२४ मध्ये हा आकडा पुन्हा २७.१वर आला. तो वर आणला वर्गांनी. पण हे तिसरीत नव्याने आलेल्या मुलांचं वाचन. २०२०ला पहिलीत असलेली मुलं तोवर तिसरी ओलांडून पुढे गेली होती.

अभ्यासासाठी घेतलेला फोन मात्र घरातच राहिला. २०२४च्या त्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं दहा ते बारा वर्षांची होती.