तळहाताएवढा बोर्ड आणि दोन टनांचं मशीन

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या जुन्या गाळ्यांत फिरलं की कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेलं एखादं मिलिंग मशीन दिसतंच. चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं, "मशीन ठणठणीत आहे हो, कंट्रोलर उडालाय." आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. बिडाचा बेड जसाच्या तसा, स्लाइडवर ओरखडा नाही, टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूमध्ये प्ले (ढिलाई) नाही, कटर फिरवणारा स्पिंडल हाताने फिरवला तर कुठे अडखळत नाही. मेलेलं असतं ते शेजारच्या कपाटातलं इलेक्ट्रॉनिक्स. ते कार्ड बनवणं कंपनीने कधीच बंद केलेलं असतं, जुन्या बाजारात मिळेलच याची खात्री नसते, आणि नव्या कंट्रोलरचं कोटेशन हातात पडलं की मालक भंगारवाल्याला किलोचा भाव विचारायला लागतो.

मला हे मनापासून खटकतं. नीट राखलेलं बीड दोन पिढ्यांना पुरतं आणि त्याला चालवणारं कार्ड अर्ध्या वाटेवर साथ सोडतं, म्हणून चांगलं मशीन वितळवायला पाठवायचं? गेल्या काही वर्षांत यावर एक खरोखरीचा उपाय हाताशी आलाय. कुणालाही फुकट मिळणारं, उघडून बघता येणारं, हवं तसं बदलता येणारं कंट्रोल सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा काही हजार रुपयांचा, तळहातावर मावणारा कॉम्प्युटर. एवढासा बोर्ड दोन टनांचं मशीन कसा काय हलवतो, हे समजून घ्यायचं असेल तर कंट्रोलरचं नेमकं काम काय ते आधी पाहायला हवं.

मशीनला आकड्यांनी हुकूम देऊन चालवण्याचं हे काम १९४९ साली अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर सुरू झालं. मिशिगनमध्ये हेलिकॉप्टरची पाती बनवणारे जॉन पार्सन्स यांना पात्याच्या वक्राचे बिंदू गणिताने काढून त्यांवरून कटर चालवायचा होता. एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ साली पंच टेपवरून, म्हणजे भोकं पाडलेल्या पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. त्याचं कंट्रोल व्हॅक्यूम ट्यूबांनी खच्चून भरलेलं होतं. आज आपला ऑपरेटर ज्या जी-कोडमध्ये प्रोग्राम टाकतो, त्याचं आरएस-२७४-डी हे प्रमाणित रूप १९८० सालचं. भाषा फारशी बदललेली नाही. "जी१ एक्स५० एफ३०००" या एका ओळीचा अर्थ आजही तोच: मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने, सरळ रेषेत, एक्सच्या ५०पर्यंत जा.

ही ओळ मशीनपर्यंत कशी पोहोचते ते आकड्यांत पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. साधी स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, म्हणजे दर पावलाला १.८ अंश. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर मायक्रोस्टेपिंग ८ला लावलं, म्हणजे एका पावलाचे आठ भाग केले, तर एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे विजेचे ठोके, लागतात. बॉलस्क्रूचा लीड, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकण्याचं अंतर, ५ मिलिमीटर असेल तर एका मिलिमीटरला ३२० पल्स, आणि एका पल्सला टेबल ३.१२५ मायक्रॉन सरकतं. आता मिनिटाला ३००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला १६,००० पल्स. दोन पल्सच्या मध्ये ६२.५ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

या गणितात अवघड असं काही नाही. मोबाइलमधला प्रोसेसर असे हिशेब पाहता पाहता करतो. अडचण हिशेबात नाही, पल्स ठरल्या क्षणी सुटण्यात आहे. समजा एक पल्स ३० मायक्रोसेकंद उशिरा निघाली आणि पुढची आपल्या वेळेवर आली. त्या दोघींतलं अंतर उरलं ३२.५ मायक्रोसेकंद. मोटरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आधी वेग एकदम पडला आणि लगेच जवळपास दुप्पट झाला. भरल्या कटखाली चालणाऱ्या स्टेपरला असा धक्का सोसेलच असं नाही, ती पाऊल चुकवू शकते. स्टेपरला मागे एन्कोडर, म्हणजे ती खरंच किती फिरली ते मोजणारं यंत्र, नसेल तर पाऊल चुकल्याचं कंट्रोलरला कळतच नाही. त्याच्या हिशेबी टेबल ५०वर पोहोचलेलं असतं. जॉब मोजल्यावर ड्रॉइंगशी जुळत नाही, तेव्हा कळतं.

म्हणून इथे सरासरीला किंमत नाही. ठाण्याला उतरून वाशीकडे जाणारी ट्रान्स हार्बर पकडणाऱ्या माणसाला, कल्याणहून येणारी लोकल महिनाभर सरासरी वेळेवर होती याचा काय उपयोग? ज्या दिवशी ती उशिरा येते त्या दिवशी पुढची गाडी सुटते, आणि तेवढंच मोजलं जातं. कंट्रोलरच्या बाबतीतही सगळ्यात वाईट उशीर किती, हाच एक प्रश्न.

साधं विंडोज किंवा साधं लिनक्स या कसोटीला उतरत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ती बनलीत एकाच वेळी पन्नास कामं वाटून करायला. माउस हलला, नेटवर्कवरून काही आलं, डिस्कवर लिहायचं आहे, की हातातलं काम जरा बाजूला ठेवलं जातं. हा थांबा कधी मिलिसेकंदभराचा होतो. वरच्या उदाहरणात एक मिलिसेकंद म्हणजे १६ पल्स, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. फर्निचरच्या जाळीकामात ते खपेल, बेअरिंगच्या सीटमध्ये नाही.

इथे लिनक्ससीएनसीचा उल्लेख करायला हवा, कारण या क्षेत्रातलं मला सर्वांत आदर वाटावा असं काम ते आहे. त्याची सुरुवात अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेत १९९०च्या दशकात झाली. नाव होतं एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर, म्हणजे ईएमसी. सरकारी संस्थेचं काम असल्यामुळे ते लोकांसाठी खुलं झालं आणि जगभरच्या हौशी व व्यावसायिक मंडळींनी पुढे नेलं. ईएमसी नावाच्या मोठ्या कंपनीशी नावाचा गोंधळ नको म्हणून २०११ साली त्याचं लिनक्ससीएनसी झालं. नऊ अक्षांपर्यंतचं मशीन ते चालवतं, मिलिंग, लेथ, प्लाझ्मा, रोबोटचा हातसुद्धा. टॉर्माक ही कंपनी आपल्या मशीनबरोबर जे पाथपायलट देते, तेही याच्याच पायावर उभं आहे.

वेळेचा प्रश्न सोडवायला लिनक्सच्या गाभ्यालाच, म्हणजे कर्नेललाच शिस्त लावावी लागते. प्रीएम्प्ट-आरटी नावाचा बदल नेमकं हेच करतो: तातडीचं काम आलं की कर्नेलच्या आतलं कामसुद्धा अडवता येतं. हा बदल जवळपास वीस वर्षं मुख्य लिनक्सच्या बाहेर, वेगळा पॅच म्हणून सांभाळला गेला. २०२४च्या सप्टेंबरात व्हिएन्नामध्ये या बदलाची धुरा वाहणारे थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो मुख्य कर्नेलमध्ये घ्यायची विनंती कागदावर छापून लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या हातात ठेवली, आणि त्याच वर्षीच्या ६.१२ आवृत्तीत तो सामील झाला. रास्पबेरी पायसारख्या (यापुढे नुसतं 'पाय') ६४ बिटांच्या, तळहाताएवढ्या बोर्डांनाही त्याचा लाभ मिळतो.

तरीही पल्स मोजून सोडण्याचं काम मुख्य प्रोसेसरकडे न ठेवणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. छोट्या बोर्डांच्या बाबतीत खरी अक्कल या कामाच्या वाटणीत आहे.

सगळ्यात साधी वाटणी ग्रबलची. सिमेन स्वाले स्कॉग्सरूड या नॉर्वेजियन माणसाने २००९ साली सुरू केलेला हा प्रोग्राम आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालतो. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमच नाही. १६ मेगाहर्ट्झची चिप आणि २ किलोबाइट रॅम, बस. पण दुसरं कुठलंही काम नसल्यामुळे ती सेकंदाला ३०,००० पल्सपर्यंत न डगमगता देते. लॅपटॉपने किंवा पायने तिला एकेक ओळ पाठवत राहायचं. मखरांचे आणि देव्हाऱ्यांचे एमडीएफ कापणारे कितीतरी छोटे राउटर असेच चालतात. थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आल्यापासून या कामाला मागणीही आहे. मर्यादा येते ती मशीन गुंतागुंतीचं झाल्यावर: टूल चेंजर, थ्रेडिंग, सर्व्हो मोटर (आपली जागा तपासत फिरणाऱ्या) आल्या की ग्रबल अपुरं पडतं.

दुसरी वाटणी बीगलबोन ब्लॅकची, २०१३ सालच्या बोर्डाची. त्याच्या मुख्य चिपमध्येच २०० मेगाहर्ट्झचे दोन लहान कोअर वेगळे बसवलेले आहेत, पीआरयू म्हणतात त्यांना. लिनक्स आपल्या जागी चालतं, त्याच्या गडबडीचा या दोघांना स्पर्श होत नाही. जवळपास प्रत्येक सूचना ५ नॅनोसेकंदांत, आजही तेवढ्यातच आणि उद्याही. लिनक्ससीएनसीची मशीनकिट ही शाखा या जोडीवर फार सुंदर चालली.

तिसरी, आणि दोन टनांच्या मशीनसाठी मी सुचवेन ती, म्हणजे पाय आणि त्याला जोडलेलं एफपीजीए कार्ड, ज्याच्या चिपमध्ये हवं ते सर्किट रचता येतं. इथे पाय दर मिलिसेकंदाला एकदा कार्डाला सांगतो, "या वेगाने चालव." पल्स कार्डाचं हार्डवेअर सोडतं, आणि प्रत्यक्षात कुठवर पोहोचलो ते परत कळवतं. आता पायला मिलिसेकंदाचा वायदा पाळायचा आहे, मायक्रोसेकंदाचा नाही. शंभर-दीडशे मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले तरी कटवर काही उमटत नाही. आणि पाय मध्येच गोठला, तर? कार्डात वॉचडॉग असतो. काही मिलिसेकंद निरोप आला नाही की तो आउटपुट आपणहून बंद करतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाय ३पर्यंत इथरनेट यूएसबीच्या वाटेने जायचं, त्यामुळे निरोप कधी अडकेल याचा भरवसा नसे. २०१९च्या पाय ४पासून ते स्वतंत्र झालं आणि इथरनेटचं कार्ड जोडणं शहाणपणाचं ठरलं. कार्ड आणि पाय यांच्यातली केबल मात्र थेट हवी, मध्ये ऑफिसचा राउटर नको.

लिनक्ससीएनसीचा जो भाग पॅनेल वायरिंग करणाऱ्या माणसाला पाहताक्षणी समजतो तो म्हणजे हॅल, मशीनचे भाग सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना जोडण्याची सोय. यात प्रत्येक गोष्टीला पिना असतात: लिमिट स्विच, स्पिंडल, पंप, मोटर. मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली की एक पिन दुसरीला जोडली जाते. समजा कूलंट (कटर थंड ठेवणारा द्रव) वाहत असल्याशिवाय स्पिंडल फिरायला नको. मग फ्लो सेन्सरची पिन आणि स्पिंडलच्या हुकमाची पिन एका अँड घटकात (दोन्ही चालू असतील तरच 'हो' म्हणणाऱ्या) घालायच्या, त्याचं उत्तर स्पिंडलच्या रिलेला द्यायचं. चार-पाच ओळींचं काम. बंद डब्यातल्या कंट्रोलरमध्ये एवढ्यासाठी कंपनीचा इंजिनिअर बोलवावा लागतो.

आपल्याकडच्या हवेचा आणि विजेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली बंद पॅनेलमध्ये ठेवलेला पाय ८० अंशांच्या आसपास तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेव्हा वेळेचं वेळापत्रक विस्कटतं. त्याला मोठा हीटसिंक आणि गाळणी लावलेला पंखा हवाच. खाडीकाठची दमट हवा आणि लोखंडाचा बारीक कीस एकत्र आले की उघड्या बोर्डावर शॉर्ट होतो, म्हणून पॅनेलला सील हवं. वीज अचानक गेली तर मेमरी कार्डावरची फाइल बिघडते. त्यापेक्षा एसएसडी लावा आणि एवढ्या बोर्डापुरता छोटा यूपीएस ठेवा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि कारखान्यातले सेन्सर २४ व्होल्टचे. मध्ये दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा ऑप्टो-आयसोलेटर नसेल तर पहिल्याच दिवशी बोर्ड जळेल. व्हीएफडीच्या (स्पिंडलच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) तारा सिग्नलच्या तारांजवळून नेऊ नका, सिग्नलला शील्ड केबल वापरा आणि अर्थिंग खरोखर तपासून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं इमर्जन्सी स्टॉपचं. लाल बटण दाबल्यावर मोटर आणि स्पिंडलची पॉवर कॉन्टॅक्टरने (वीज तोडणाऱ्या मोठ्या रिलेने) तुटलीच पाहिजे, सॉफ्टवेअर जिवंत असो वा नसो. बटणाची खबर पायला जरूर द्या, पण थांबवण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नका. मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाचे हात या एका वायरवर अवलंबून असतात. तिथे पैसे वाचवणाऱ्याला मी माफ करणार नाही.

तीन पाळ्यांत चालणारं, कंपनीच्या सर्व्हिस कराराखालचं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) उचकटून त्यात पाय बसवा, असं मी कुणालाही सांगणार नाही. त्याची जागा ताडपत्रीखालच्या मशीनमध्ये आहे, आयटीआय आणि डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये आहे, जिथे मुलांना बंद डब्याची बटणं दाबण्यापलीकडे आतलं सगळं पाहता येईल. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने आणि इंजिनिअरिंग कॉलेजं इतकी जवळजवळ आहेत की गाळेवाल्याचं मशीन आणि विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट एकमेकांना सहज भेटू शकतात.

सुरुवातीला मशीन लागतही नाही. लिनक्ससीएनसी सिम्युलेटर म्हणून नुसत्या स्क्रीनवर चालतं. नंतर बोर्डावर त्याचीच लेटन्सी टेस्ट, म्हणजे उशीर मोजणारी चाचणी, लावा. ती चालू असताना ब्राउझर उघडा, मोठी फाइल कॉपी करा, स्क्रीनवर ग्राफिक्स फिरवा, जमेल तेवढा त्रास द्या आणि काही तास तसंच चालू ठेवा. मग सगळ्यात मोठा आकडा पाहा. तो १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर बोर्ड स्वतःच पल्स सोडू शकेल. ३० ते ५०मध्ये असेल तरी हळू चालणाऱ्या छोट्या राउटरचं काम निभेल. शंभराच्या वर गेला तर पल्सचं काम कार्डाकडे द्या. हजारावर गेला तर दुसरा बोर्ड घ्या.