एक तारीख, दोन कोडी

२८ फेब्रुवारी म्हटलं की राष्ट्रीय विज्ञान दिन आठवतो. शाळेत प्रयोगांची मांडणी, रामन यांच्या फोटोला हार. पण रामन यांच्या १९२८ मधल्या शोधानंतर बरोबर २५ वर्षांनी, याच तारखेला, आणखी एक कोडं सुटलं: डीएनएच्या रचनेचं. त्याची आठवण या दिवशी फारशी कुणी काढत नाही, याची मला रुखरुख वाटते.

आधी कोलकाता, १९२८. बोबाजार स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन द्रवांमधून विखुरणारा प्रकाश तपासत होते. आधीचे प्रयोग उन्हावर झाले होते. पण उन्हात सगळ्या रंगांची सरमिसळ. पाऱ्याच्या दिव्यात मात्र मोजक्या, सुट्या रंगरेषा. २८ फेब्रुवारीच्या मंगळवारी रामन यांनी हा दिवा वापरला आणि वर्णपटदर्शकाला, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणाला, डोळा लावला. मूळ रंगापलीकडे काळी फट, आणि फटीच्या पलीकडे मुळात सोडलेलाच नव्हता असा रंग! द्रवाच्या रेणूंनी प्रकाशातली थोडी ऊर्जा आपल्या थरथरण्यासाठी काढून घेतली होती. प्रत्येक जातीच्या रेणूची थरथर वेगळी, त्यामुळे रंगातला हा फरक म्हणजे रेणूची ओळखच.

आता केंब्रिज, १९५३, शनिवारची सकाळ. शास्त्रज्ञ जेम्स वॉटसन (जन्म एप्रिल १९२८!) टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे जुळवत बसला होता. वर्कशॉपमधून धातूचे तुकडे यायला उशीर होता, म्हणून त्याने डीएनएतल्या चार घटकांचे आकार स्वतःच कापले होते. सरकवता सरकवता त्याच्या लक्षात आलं, की अॅडेनीन-थायमीन ही जोडी आणि ग्वानीन-सायटोसीन ही जोडी अगदी एका मापाची होते. म्हणजे डीएनए ही एक शिडी मानली, तर तिच्या सगळ्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या! एक बाजू कळली की दुसरी आपोआप ठरते. डीएनएची नक्कल कशी होत असेल, तेही त्यातच दिसत होतं. त्याचा सहकारी फ्रान्सिस क्रिक आला आणि त्यालाही ते पटलं. पण या शिडीला पीळ आहे याचा ठसठशीत पुरावा शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण छायाचित्रात होता, आणि ते वॉटसनला दाखवलं गेलं त्यांच्या नकळत. १९५८ मध्ये त्या गेल्या. या शोधाचं नोबेल दिलं गेलं १९६२ मध्ये. त्यांचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगूच नये.

पुढे या दोन तारखा प्रयोगशाळेतही भेटल्या. आज डीएनएवर लेसर टाकून विखुरलेला प्रकाश तपासतात, आणि रामन यांनी पाहिलेल्या त्याच रंगबदलावरून त्या शिडीचा पीळ उजवा आहे की डावा, हे ओळखतात.