प्रायमरी कीची पार्श्वभूमी: क्रमांक वेगळा, ओळख वेगळी

२००० नंतरच्या दशकात मी जे पहिले सॉफ्टवेअर हाताळले, ते एका पतसंस्थेचे होते. नवा पावती क्रमांक काढायची त्यातली रीत अगदी सरळ होती: टेबलातला सगळ्यात मोठा आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि रेकॉर्ड घालायचे. हाच आकडा प्रायमरी कीसारखा, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डची एकमेव ओळख म्हणून वापरला जाई. टेबलावर तसे बंधन मात्र कोणी घातले नव्हते. एका बाजाराच्या दिवशी दोन काउंटर एकदम चालू होते. दोघांनी ४८१७ वाचले, दोघांनी ४८१८ लिहिले. संध्याकाळी पेटीतली रोकड बरोबर भरली आणि रिपोर्टमधली रक्कम जास्त निघाली. पावत्यांच्या टेबलात ४८१८ दोनदा, तपशिलाच्या टेबलात ४८१८ दोनदा. क्रमांकावरून दोन्ही टेबले जोडली, म्हणजे जॉइन केला, की दोनाचे चार.

ही 'मॅक्स अधिक एक' पद्धत तेव्हा सर्रास होती. हायबरनेटसारख्या जावा लायब्ररीतही 'इन्क्रिमेंट' नावाचा जनरेटर होता. तो सुरुवातीला एकदा मॅक्स वाचतो आणि पुढे स्वतःच्या मेमरीत मोजत राहतो. दुसरा सर्व्हर त्याच टेबलात लिहू लागला की संपले.

माहिती टेबलांत मांडणारे रिलेशनल मॉडेल १९७० चे. अर्थहीन, फक्त ओळखीसाठी दिलेली सरोगेट की त्याच दशकात चर्चेत आली. पुढे वेगवेगळ्या डेटाबेसांनी पुढचा आकडा स्वतःच देण्याचे ऑटो-इन्क्रिमेंट, सीक्वेन्स, आयडेंटिटी असे आपापले उपाय दिले आणि २००३ च्या एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या मानकात सीक्वेन्स व आयडेंटिटी दोन्ही आले.

खरा गुंता झाला तो 'क्रमांक' या शब्दापाशी. या शब्दात क्रम आधीच बसलेला आहे. त्यामुळे ४८१८ नंतर ४८२० दिसला की हिशेबनीस विचारतो, '४८१९ कुठे गेली? कोणी डिलीट केली?' त्याचा प्रश्न योग्यच असतो. पण सीक्वेन्स असा वागतो तो मुद्दाम. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले, म्हणजे व्यवहार मध्येच रद्द झाला, तरी घेतलेला आकडा परत येत नाही. तो परत द्यायचा ठरवला, तर एकाचे कमिट होईपर्यंत, म्हणजे व्यवहार पक्का होईपर्यंत, बाकी सगळ्यांना रांगेत उभे राहावे लागेल. जीएसटीच्या नियमाप्रमाणे इनव्हॉइसचा नंबर सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. तो कायद्याचा क्रमांक आहे. त्यासाठी स्वतंत्र कॉलम ठेवायचा आणि तिथे रांग लागते ती सोसायची. प्रायमरी कीवर हे ओझे टाकायचे कारण नाही. तरीही माझ्या पाहण्यातल्या निम्म्या भांडणांचे मूळ हेच होते: एकाच कॉलमला ओळखही सांगायची होती आणि क्रमही.

डेटाबेसवर सोपवले म्हणून सगळे सुटले असेही नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटा साठवणाऱ्या इनोडीबीमध्ये ऑटो-इन्क्रिमेंटचा काउंटर फक्त मेमरीत असे. शेवटचे रेकॉर्ड डिलीट करून सर्व्हर रीस्टार्ट केला की तोच आयडी दुसऱ्याला मिळे. ही तक्रार २००३ पासून नोंदलेली होती. ती मिटली २०१८ च्या ८.० आवृत्तीत. ज्यांचे जुने आयडी दुसऱ्या सिस्टिममध्ये जपलेले होते, त्यांना या पंधरा वर्षांत काय सोसावे लागले असेल!

ॲप्लिकेशनने की घडवावी, या मागणीमागे व्यवहारातली अडचण होती. ऑर्डर आणि तिच्या ओळी एकदम तयार करायच्या, तर ऑर्डरचा आयडी इन्सर्ट होण्याआधी हातात हवा. त्यावर हाय-लो निघाली: डेटाबेसकडून गठ्ठ्याने आकडे उचलायचे आणि आपल्या कोडमध्ये वाटायचे. जेपीए या जावाच्या डेटाबेस-मानकात सीक्वेन्ससाठी हा गठ्ठा न सांगता ५० चा असतो. सर्व्हर बंद पडला की उरलेले आकडे वाया जातात, आणि जाऊ द्यावेत.

डेटाबेसला न विचारता आयडी द्यायचा, तर यूयूआयडी, म्हणजे कुठेही घडवला तरी एकमेव ठरावा असा आयडी. मूळ १९८० च्या दशकातल्या नेटवर्क कॉम्प्युटिंगमधले, पण आरएफसी ४१२२ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात ते २००५ मध्ये नीट लिहून निघाले. १२८ बिट. पहिल्या आवृत्तीत १५ ऑक्टोबर १५८२ पासूनचा, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झाल्यापासूनचा वेळ १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत मोजलेला असतो आणि बहुधा सोबत मशीनचा नेटवर्क पत्ताही. आयडीतून मशीन ओळखू येणे अनेकांना खटकले. मग लोक चौथ्या आवृत्तीकडे वळले: १२२ बिट निव्वळ रँडम.

यात मार बसला तो इंडेक्सला, म्हणजे रेकॉर्ड झटकन शोधायच्या सूचीला. इनोडीबी रेकॉर्ड प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवते. रँडम की आली की नवे रेकॉर्ड १६ केबीच्या कुठल्याही पानात घुसते, पाने फुटतात, आणि प्रत्येक दुय्यम इंडेक्सही ती लांब की सोबत वागवतो. त्यात अनेकांनी १६ बाइटचा आयडी ३६ अक्षरांच्या मजकुरात ठेवला. 'यूयूआयडी हळू असते' हा शिक्का बराचसा या निवडीमुळे बसला, असे माझे ठाम मत आहे.

२०१० मध्ये एका सोशल मीडिया कंपनीने ६४ बिटांत बसणारी पद्धत आणली: ४१ बिट मिलिसेकंद, १० बिट मशीन, १२ बिट मोजणी. एका मशीनवर एका मिलिसेकंदात ४०९६ आयडी. पण जावास्क्रिप्टमध्ये ५३ बिटांपुढचे पूर्णांक नेमके राहत नाहीत, म्हणून तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही पाठवावा लागला. आजही एपीआयमध्ये, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीत, मोठ्या आयडीचे शेवटचे अंक बदललेले दिसले, तर मी आधी हेच तपासतो.

मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ आले आणि त्यात यूयूआयडीची सातवी आवृत्ती: पुढे ४८ बिट मिलिसेकंद, मागे ७४ बिटांपर्यंत रँडम. २०२५ च्या पोस्टग्रेस १८ मध्ये तिच्यासाठी तयार फंक्शनही आहे. कीमध्ये क्रम परत आला, पण तो इंडेक्सच्या सोयीपुरता. दोन सर्व्हरांची घड्याळे जराशी पुढेमागे असली तरी आधी आलेला अर्ज आयडीच्या क्रमाने नंतर लागू शकतो. शिवाय रेकॉर्ड कधी तयार झाले ते आयडी वाचणाऱ्याला कळते. म्हणून रुग्णाच्या रिपोर्टसारख्या बाहेर जाणाऱ्या लिंकवर मी अजूनही चौथीच वापरतो आणि सातवी टेबलाच्या आत ठेवतो.