तोच नट, तीच कथा, निकाल मात्र वेगळा

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर 'ग्रेसपॉइंट' ही मालिका सुरू झाली. समुद्रकाठचं लहानसं गाव, किनाऱ्यावर सापडलेलं एका शाळकरी मुलाचं प्रेत, बाहेरून आलेला तुसडा पोलीस अधिकारी आणि त्याच्यामुळे जिची बढती हुकली ती गावातलीच सहकारी. ज्यांनी आदल्या वर्षी ब्रिटनच्या आयटीव्हीची 'ब्रॉडचर्च' पाहिली होती, त्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. अधिकाऱ्याच्या भूमिकेत डेव्हिड टेनंटसुद्धा तोच, फक्त आता अमेरिकी उच्चारात बोलणारा. पहिल्या भागाचा दिग्दर्शक जेम्स स्ट्राँग, तोही तोच. डॉर्सेटच्या कड्यांच्या जागी कॅलिफोर्निया आला, आठाचे दहा भाग झाले, शेवट थोडा फिरवला गेला. 'ब्रॉडचर्च'ने ब्रिटनला आठ आठवडे खुनी कोण या एकाच चर्चेला लावलं होतं. 'ग्रेसपॉइंट' एका हंगामात गुंडाळली गेली.

मूळ मालिका इंग्रजीतच होती, आणि बीबीसी अमेरिका या वाहिनीवर ती अमेरिकेत दाखवूनही झाली होती. मग हा खटाटोप कशासाठी?

सहसा मिळणारं उत्तर म्हणजे 'अमेरिकनांना ब्रिटिश उच्चार कळत नाहीत'. ते अगदीच खोटं नाही. पॅटी एडँक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दक्षिण इंग्लंडचे आणि स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे श्रोते घेतले, दोघांना दोन्ही उच्चारांतली वाक्यं ऐकवली आणि मागे गोंगाट मिसळला. ग्लासगोकरांना दोन्ही उच्चार सारखेच समजले. दक्षिणेकडचे लोक मात्र ग्लासगोच्या उच्चाराला अडखळले. कारण उघड आहे: प्रमाण इंग्रजी ग्लासगोच्या घराघरात रेडिओ-टीव्हीवरून रोज शिरते, ग्लासगोची बोली लंडनच्या घरात क्वचितच. ब्रिटन आणि अमेरिकेतही नेमकं हेच आहे. ब्रिटिश प्रेक्षक लहानपणापासून अमेरिकी मालिका पाहतो. १९७४ मध्ये युनेस्कोसाठी नॉर्डेनस्ट्रेंग आणि व्हारिस यांनी देशोदेशींच्या टीव्हीचा हिशेब मांडला, तेव्हा अमेरिकेतल्या परदेशी कार्यक्रमांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात निघालं होतं. ज्या कानाला सवयच लागू दिली नाही, त्याला ऐकायला कष्ट पडणारच.

कॉलिन हॉस्किन्स आणि रॉल्फ मिरस या अभ्यासकांनी १९८८ मध्ये यालाच व्यापक रूप दिलं. कार्यक्रम सीमा ओलांडतो तेव्हा त्याची किंमत घटते, कारण तिथले विनोद, संस्था, रीतीरिवाज परक्याला अर्धेच लागू पडतात. ही 'सांस्कृतिक वजावट'. बाजार जेवढा मोठा, तेवढं घरच्या घरी नवं बनवून ही वजावट टाळणं परवडतं. अमेरिकेचा बाजार सगळ्यांत मोठा, म्हणून तिला हे सगळ्यांत सोपं.

तरीही मला हे उत्तर अपुरं वाटतं. कान फार लवकर शिकतो. परक्या उच्चाराशी श्रोते मिनिटाभरात जुळवून घेतात, असं क्लार्क आणि गॅरेट यांच्या २००४ च्या प्रयोगात दिसलं होतं. आणि 'डाउन्टन ॲबी' ही ब्रिटिश मालिका तर पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर रिमेक न करता दाखवली गेली आणि प्रचंड चालली. अडचण फक्त कानाची असती, तर हे झालं नसतं.

खरी अडचण घड्याळात आहे. बीबीसी देशातल्या घरांकडून परवाना शुल्क घेते आणि जाहिराती दाखवत नाही, त्यामुळे तिचा एका तासाचा भाग जवळजवळ पूर्ण तासाचा असतो. अमेरिकी व्यापारी वाहिनीच्या तासात कथेला जेमतेम ४२-४३ मिनिटं उरतात. म्हणजे बीबीसीचा भाग तिथे बसवायचा तर पाव कथा कापावी लागेल. शिवाय अमेरिकी पटकथा ब्रेकभोवती रचलेली असते, दर काही मिनिटांनी प्रेक्षकाला खुर्चीत अडकवून ठेवणारं काहीतरी घडावं लागतं. बीबीसीच्या संथ तासात असे थांबे नसतातच.

भागांच्या संख्येचंही असंच. ब्रिटनमध्ये सहा-आठ भागांची मालिका बहुतेकदा एकच लेखक लिहितो. 'ब्रॉडचर्च'चं श्रेय प्रामुख्याने ख्रिस चिबनल यांचं. अमेरिकी वाहिन्यांचा पारंपरिक हंगाम २२ भागांचा, तो एकट्याने लिहिणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून तिथे लेखकांची फौज एका खोलीत बसते. एवढे भाग हवेत कशाला? कारण खरा पैसा पहिल्या प्रसारणात नसून सिंडिकेशनमध्ये, म्हणजे स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रसारणाचे हक्क विकण्यात होता. त्या वाहिन्या सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग लावत. शंभर भाग असले की वीस आठवडे निघतात. आठ भागांची मालिका दुसऱ्या आठवड्यातच संपते. तयार ब्रिटिश मालिका घेऊन वाहिनीच्या हाती उरणार काय?

विकणाऱ्याची बाजूही बदलली होती. ब्रिटनच्या २००३ च्या संपर्क कायद्यानंतर स्वतंत्र निर्मात्यांना आपल्या कार्यक्रमांचे बरेचसे हक्क स्वतःकडे ठेवता येऊ लागले. आधी ते वाहिनीकडेच जात. आता रिमेकचा हक्क विकून येणारा पैसा निर्मात्याच्या खिशात पडणार म्हटल्यावर ते अमेरिकेचे उंबरठे झिजवू लागले.

आणि घेणाऱ्याच्या मनातही भीती असतेच. नव्या मालिकांपैकी बहुतेक पडतात आणि कुठली पडेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. समाजशास्त्रज्ञ विल्यम आणि डेनिस बील्बी यांनी १९९४ मध्ये अमेरिकी वाहिन्यांचे निर्णय कसे होतात ते तपासलं. त्यांना दिसलं ते असं: अशा अंधारात अधिकारी नावाजलेले निर्माते, ओळखीचे प्रकार आणि आधीच्या यशाची नक्कल यांचा आधार घेतात, म्हणजे निर्णय निदान समंजस दिसतो. परदेशात गाजलेल्या मालिकेचा रिमेक हा असाच आधार. पडली तरी साहेबाला सांगता येतं की ब्रिटनमध्ये तर चालली होती!

पण ब्रिटनमध्ये चालली म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं? इथे मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००६ चा, मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा प्रयोग. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. १४,३४१ लोकांनी ती ऐकली, हवी ती उतरवून घेतली. काहींना दुसऱ्यांनी काय उतरवलं ते दिसत नव्हतं. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं आणि प्रत्येक जगात त्या त्या जगातले आकडे दिसत होते. गाणी तीच, श्रोते सारखेच, तरी आठ जगांत आठ वेगळ्या याद्या तयार झाल्या. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या मूठभर लोकांची पसंती पुढच्यांना दिसते, ते तिकडे झुकतात आणि फरक वाढत जातो.

'ब्रॉडचर्च' हे असं एक जग होतं. त्या वसंतात, त्या वाहिनीवर, लोक सोमवारी रात्री पाहून मंगळवारी कचेरीत भांडत होते. त्या यशात गुणवत्ता भरपूर होती, पण योगायोगही होता, आणि करारात फक्त गुणवत्ता लिहून घेता येते. त्यात भर म्हणजे अमेरिकेत जातात त्या अर्थातच अतोनात गाजलेल्या मालिका. सर्वांत वरचे नमुने निवडून पुन्हा मोजले की दुसरी मोजणी सरासरीकडे सरकते, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवर दाखवलं होतं. रिमेक फिके निघतात ते दर वेळी बनवणारे नालायक असतात म्हणून नव्हे. 'प्राइम सस्पेक्ट'चा अमेरिकी अवतार १३ भागांत आटोपला, तेव्हा टीकाकारांनी मूळ मालिकेची नायिका हेलन मिरेन नसल्याचं खापर फोडलं. कदाचित ते खरंही असेल, पण गाल्टनचं गणित मिरेन असतानाही लागू पडलं असतं.

मग तगतात ते रिमेक कसे? 'शेमलेस' मँचेस्टरच्या सरकारी वसाहतीतून शिकागोच्या दक्षिण भागात गेली आणि ११ हंगाम टिकली. गरिबी दोन्हीकडे आहे, पण अमेरिकेत आजारपणाला दवाखान्याचं बिल चिकटतं, आणि तिथून कथा आपल्या वाटेने निघते. 'द ऑफिस' विनोदी असली तरी उदाहरण बोलकं आहे. एनबीसीवरचा पहिला भाग मूळ संवादांची जवळपास नक्कल होता, तो फारसा कुणाला भावला नाही. पुढे साहेबाचं पात्र मवाळ केलं, आणि ब्रिटनमध्ये १२ भाग नि नाताळचे दोन विशेष भाग एवढ्यावर संपलेली मालिका तिकडे २०१ भागांवर गेली.

आपल्याकडे याचा धागा मुंबईपर्यंत येतो. पीटर मॉफट यांची 'क्रिमिनल जस्टिस' बीबीसीवर २००८ मध्ये पाच भागांत आली. रात्री भेटलेल्या मुलीच्या खुनात अडकलेला तरुण आणि त्याचा इसब झालेले पाय खाजवणारा फाटका वकील. २०१६ मध्ये एचबीओने तिची 'द नाइट ऑफ' केली आणि तरुण न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला पाकिस्तानी वंशाचा मुलगा झाला. ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेत संशयाला वेगळंच वजन आलं. २०१९ मध्ये हॉटस्टारने ती मुंबईत आणली. इथे कोर्टच दुसरं होतं. ब्रिटन आणि अमेरिकेत वकील ज्युरीला पटवतो. मुंबईतलं नानावटी प्रकरण गाजलं तोवर भारतात ज्युरीवरचा विश्वास उडत चालला होता आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. त्यामुळे हिंदीतल्या वकिलाला न्यायाधीशासमोरच बोलावं लागतं.

बीबीसीने दुसऱ्या मालिकेत सगळी पात्रं बदलली आणि दोनमध्येच थांबली. हिंदीत पंकज त्रिपाठींचा वकील माधव मिश्रा लोकांनी इतका उचलून धरला की मूळ मालिका संपल्यावरही तो थांबला नाही. २०२२ आणि २०२५ च्या हंगामांना ब्रिटनमध्ये आधारच नाही.