प्रोजेक्ट चालला, पण संशोधन झालं का?

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात ‘प्रोजेक्ट’ आणि ‘संशोधन’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव अहवालात, ‘लिटरेचर सर्व्हे’चं (आधीच्या कामाच्या आढाव्याचं) प्रकरण आलं की संशोधन झालं, असा समज असतो. विषय दोन्हीकडे एकच असू शकतो, प्रश्न मात्र वेगळा. प्रोजेक्टला विचारायचं, चालतं का? संशोधनाला विचारायचं, आधीच्यापेक्षा चांगलं कशावरून?

क्रेडिट कार्डावरची फसवणूक ओळखणं हा नेहमीचा विषय घ्या. त्यासाठी सहसा युरोपीय कार्डधारकांचा सप्टेंबर २०१३ मधला डेटासेट घेतात. दोन दिवसांचे २,८४,८०७ व्यवहार, त्यांत फसवे फक्त ४९२. प्रोजेक्ट म्हणून मॉडेल (डेटावरून शिकून फसवणूक ओळखणारा प्रोग्रॅम), वेब पान, लॉगिन, टेस्टिंग आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर न अडखळणारा डेमो एवढं हवं. हे काम कमी प्रतीचं मुळीच नाही.

घोळ होतो तो ‘अ‍ॅक्युरसी ९९.८ टक्के’ या वाक्यापाशी; अ‍ॅक्युरसी म्हणजे एकूण उत्तरांपैकी बरोबर किती. सगळेच व्यवहार खरे, असं डोळे मिटून सांगणारा दोन ओळींचा प्रोग्रॅमही ९९.८३ टक्के मिळवतो! म्हणून संशोधनात आधी हा मठ्ठ प्रोग्रॅम, मग लॉजिस्टिक रिग्रेशन ही साधी, जुनी पद्धत आणि शेवटी आपलं मॉडेल. तिघांचे प्रिसिजन (फसवे म्हणून दाखवलेल्यांत खरोखर फसवे किती) आणि रिकॉल (एकूण फसव्यांपैकी सापडले किती) शेजारी-शेजारी मांडायचे.

तरी ताबडतोब विश्वास ठेवू नये. खऱ्या-फसव्यांचं प्रमाण राखून २० टक्के डेटा टेस्टसाठी, म्हणजे मॉडेलला शिकताना न दाखवता शेवटी तपासायला, काढला तर त्यात जेमतेम ९८ फसवे व्यवहार उरतात. एक जास्त सापडला की रिकॉल एका टक्क्याने वाढतो. ‘दोन टक्के सुधारणा’ म्हणजे फक्त दोन व्यवहार. रँडम सीड (डेटाची विभागणी वगैरे यादृच्छिक निवडी ठरवणारा आकडा) ४२ ठेवून एकदाच चालवणं डेमोला पुरतं; संशोधनात किमान दहा सीड घेऊन सरासरी आणि प्रमाण विचलन द्यावं लागतं.

सर्वांत जास्त चुकतं ते फसव्या नोंदींची संख्या वाढवणारं स्मोट (SMOTE) हे तंत्र वापरताना. स्मोट दोन जवळच्या फसव्या नोंदींच्या मधली कृत्रिम नोंद तयार करतं. ते डेटा विभागण्याआधी चालवलं, तर टेस्टमधल्या नोंदींपासून बनलेल्या नोंदी ट्रेनिंगमध्ये शिरतात. परीक्षेआधी पेपर फुटण्यातलाच हा प्रकार; आकडे झकास येतात आणि खोटे असतात. आधी विभागणी, मग फक्त ट्रेनिंगच्या भागावर स्मोट.

हे सगळं शिकवायला अभ्यासक्रमात वेगळा विषय लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मशीन लर्निंग लॅबची शेवटची चार प्रॅक्टिकल्स पुरतात. ज्याचा कोड खुला आहे असा एक पेपर निवडायचा. पहिल्या आठवड्यात कोड चालू करून लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवायच्या, दुसऱ्यात पेपरमधला एकच तक्ता पुन्हा काढायचा, तिसऱ्यात एकच गोष्ट बदलायची आणि चौथ्यात दोन पानी टिपण. आकडे बहुधा जुळणार नाहीत. गुण जुळण्याला नाही, का जुळले नाहीत हे शोधण्याला द्यावेत; नाहीतर मुलं पेपरमधले आकडेच उतरवून देतात.

पैसे भरून आठवड्यात छापून आलेला पेपर मात्र यातल्या कशाचाच पुरावा नव्हे. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एवढंच विचारावं: ‘मठ्ठ प्रोग्रॅमचा आकडा किती आला होता?’