शिशुधानांचा पीतपिंड: पार्श्वभूमी

अंड बाहेर पडले की अंडाशयातली रिकामी पुटिका (अंड जिच्यात वाढते ती लहान पिशवी) मिटते. तिच्या भिंतीतल्या पेशी फुगून आतली पोकळी भरून काढतात आणि तिथे पीतपिंड तयार होतो. डच शरीरशास्त्रज्ञ रेनिए द ग्राफ यांनी १६७२ मध्येच अशा गोळ्यांचे वर्णन केले होते, पण त्यांचे काम कळायला विसावे शतक उजाडले. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ लुडविग फ्रेंकेल यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले, की हे पिंड नष्ट केले तर गर्भ टिकत नाही.

मग गर्भ नसेल तेव्हा पीतपिंडाचे काय होते? याचे फार मोलाचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वोल या मांसाहारी शिशुधान (पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्याने दिले. जे. पी. हिल आणि चार्ल्स ओडोनोह्यू या प्राणिशास्त्रज्ञांनी गाभण आणि गाभण नसलेल्या माद्यांच्या अंडाशयांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिले. पीतपिंड दोन्हींत सारखाच! गर्भाशयाच्या ग्रंथी वाढलेल्या, स्तनग्रंथीसुद्धा गर्भधारणा झाल्यासारख्या बदललेल्या. १९१३ मध्ये त्यांनी या अवस्थेला आभासी गर्भावस्था म्हटले. गर्भाकडून कसलाही इशारा न मिळता हा पिंड आपले चक्र पुरे करतो, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते.

१९५० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ जेफ्री शरमन क्वोका या लहान कांगारूवर्गीय प्राण्याचा अभ्यास करत होते. पिशवीत पिल्लू दूध पीत असताना आईच्या गर्भाशयात दुसरा गर्भ वाढ थांबवून राहतो, हे त्यांनी दाखवले. टामार वॉलबी या अशाच दुसऱ्या लहान कांगारूवर्गीय प्राण्यात हा गर्भ अवघ्या ८० ते १०० पेशींचा असतो आणि जवळजवळ ११ महिने तसाच राहू शकतो. त्या काळात पीतपिंडही लहानच असतो. प्रजननकाळात पिशवीतले पिल्लू काढले, की पीतपिंडाच्या पेशी वाढू लागतात, काही दिवसांत त्यातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी चढते आणि सुमारे २७ दिवसांनी पिल्लू जन्मते.

तोवर पीतपिंडाला रोखून धरते ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक. इतर अनेक सस्तन प्राण्यांत पियुषिका काढली की पीतपिंड मंदावतो. १९७० च्या दशकात ह्यू टिंडेल-बिस्को आणि जॉन हर्न यांच्या प्रयोगांत ती काढल्यावर टामारचा पीतपिंड उलट जागा झाला.